पाकीट आलं की तारीख बघा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत माण इथं क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं बोलणं. ज्या गटांना त्या दिवशी येता आलं नाही त्यांच्यासाठी थोडं नीट करून इथं देत आहोत.)



इथं बसलेल्या निम्म्या जणी मला ‘पोरी’ म्हणतात आणि निम्म्या ‘मॅडम’. मला दोन्ही चालतं. पण आजचा विषय असा आहे की दोन्हींनी जरा कान देऊन ऐकावं. अजेंड्यावर लिहिलंय, ‘ग्रामपंचायत : कायदेशीर बाबी आणि जोखीम’. मघाशी ते वाचून एक काकू म्हणाल्या, “हे आपल्याला कशाला? ते सरपंच बघतील.”

काकू, राग मानू नका, पण सरपंच म्हणजे कोण? २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी आहेत. या सतरंजीवरसुद्धा आजी-माजी सदस्य बसल्यात. उद्या तुमच्यातलीच कुणी फॉर्म भरेल. म्हणजे ‘ते बघतील’ मधले ‘ते’ आपणच आहोत.

आधी एक खरी गोष्ट सांगते. गाव आणि नाव सांगणार नाही. ज्या ताईंची गोष्ट आहे त्यांना विचारूनच सांगतेय.

एमएसडब्ल्यू करून मी नुकतीच कामाला लागले होते. आमच्या एका गटातल्या ताई पंचायतीत निवडून आल्या. गटानं पेढे वाटले. काही महिन्यांनी मी त्यांच्या घरी कर्जाच्या कागदांवर सह्या घ्यायला गेले, तेव्हा टीव्हीच्या खाली एक तपकिरी पाकीट पडलेलं मी बघितलं. वर सरकारी शिक्का होता. ताई म्हणाल्या, “ह्यांनी घेतलंय, त्यांनाच कळतं त्यातलं.” मी चहा प्यायले आणि निघाले. काय आहे ते उघडून बघूया, एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. ते मला अजून खातंय.

पाकिटात सुनावणीची नोटीस होती. त्यांच्या घराची घरपट्टी थकली होती, रक्कम दोन हजारांच्याही आतली. घर नोंदीला सासऱ्यांच्या नावावर. सासरे वारलेले, आणि दोघा भावांत ‘तू भर, मी का भरू’ चाललेलं. कुणीतरी तक्रार केली होती की सदस्यानं कर थकवलाय. ताईंची चूल सहा वर्षांपूर्वीच वेगळी झाली होती, रेशनकार्डही वेगळं होतं. तारखेला जाऊन ते कार्ड दाखवलं असतं, पावत्या दाखवल्या असत्या, तर कदाचित निकाल वेगळा लागला असता. पण तारखेला कुणी गेलंच नाही. पद गेलं. ताईंना ते गावातल्या दुसऱ्याच बाईकडून कळलं, पिठाच्या गिरणीत.

म्हणून आज मी कायद्याचं पुस्तक वाचून दाखवणार नाही. गटात आपण जे दर महिन्याला करतो तेच पंचायतीत कसं करायचं, एवढंच सांगणार आहे.

बघा, गटात आपण काय करतो? बैठक ठरलेल्या दिवशी घेतो. काय ठरलं ते इतिवृत्तात लिहितो, वाचून दाखवतो, मग सह्या करतो. बँकेतून पैसे काढायला एकटीची सही चालत नाही. हिशोब सगळ्यांसमोर होतो. एकीनं हप्ता बुडवला तर पुढच्या बैठकीत विचारतो, सहा महिने थांबत नाही. हीच जोखीम सांभाळणं. शब्द मोठा आहे, काम आपल्या रोजच्या सवयीचं आहे. पंचायत म्हणजे सगळ्या गावाचा गट. फरक इतकाच की तिथं वही नीट नसली तर गोष्ट कोर्टात जाते.

पंचायतीत धोके तीन प्रकारचे असतात. पदाचा, पैशाचा आणि जिवाचा. एकेक घेऊया.

पहिला, पदाचा.

आपल्याकडे ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ सालचा आहे. त्याचं कलम १४ सदस्य कशामुळे अपात्र होतो ते सांगतं. आपल्या बायकांना जे नडतं तेवढंच सांगते. घरपट्टी किंवा पाणीपट्टीचं बिल रीतसर हातात आल्यावर तीन महिन्यांत भरलं नाही तर अपात्रता येऊ शकते. एकत्र कुटुंबात एकानं थकवलं तर ते सगळ्यांच्या अंगावर येतं. पंचायतीच्या कामाच्या ठेक्यात आपला भाग असेल, सरळ असो की आडून, तरी अपात्रता. म्हणजे दिराच्या नावानं ठेका घेऊन पैसे आपल्या घरात आले, तर उत्तर द्यायची तयारी ठेवावी लागते. राखीव जागेवर निवडून आलेल्यांनी जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर निवडच रद्द होते. आणि रजा न घेता सलग सहा महिने पंचायतीच्या सभांना गेलं नाही तरी सदस्यपद जातं. बाळंतपण असू दे, आजारपण असू दे, रजेचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

आता अतिक्रमण. सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केलेली व्यक्ती सदस्य राहू शकत नाही, असं हेच कलम म्हणतं. पण अतिक्रमण सासऱ्यांनी केलं असेल आणि सून त्या घरात फक्त राहत असेल, तर? हा प्रश्न आपल्याच राज्यातल्या एका महिला सदस्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सप्टेंबर २०१८ मध्ये निकाल आला. घरच्यांनी अतिक्रमण केलेल्या जागेत सदस्य राहत असेल, तिचा वापर करत असेल, तर तीही अपात्र. ‘ते मी केलं नाही, सासऱ्यांनी केलं’ हे म्हणणं चाललं नाही.

ऐकून पोटात गोळा येतो ना? आता दुसरी बाजू ऐका. जळगाव जिल्ह्यात विचखेडा म्हणून गाव आहे. तिथं एक बाई सरपंच झाल्या. गावातल्या काहींनी तक्रार केली की त्या सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहतात. बाईंचं म्हणणं होतं की त्या नवरा-मुलांबरोबर वेगळ्या, भाड्याच्या घरात राहतात. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवलं, आयुक्तांनी ते कायम ठेवलं, उच्च न्यायालयातही दाद लागली नाही. बाई थांबल्या नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांचं पद परत दिलं. न्यायालयानं म्हटलं की निवडून आलेल्या प्रतिनिधीला काढणं ही हलक्यात घ्यायची गोष्ट नाही, त्यातून खेड्यातली, आरक्षित जागेवर निवडून आलेली बाई असेल तर नाहीच नाही. अधिकाऱ्यांनी नीट शहानिशा न करताच आदेश काढले, आणि बाई सरपंच झाल्याचं गावकऱ्यांना पचलं नाही असं दिसतं, हेही न्यायालयानं बोलून दाखवलं.

दोन निकाल, कलम एकच. एकीत घर खरंच अतिक्रमणात होतं आणि बाई तिथं राहत होत्या. दुसरीत आरोप होता, पण खातरजमा झालेली नव्हती. म्हणून फॉर्म भरायच्या आधीच तपासा, आपण राहतो ती जागा कुणाची आहे? गावठाणात आहे की गायरानात? भाड्यानं राहत असू तर भाडेकरार, वीजबिल, रेशनकार्ड कुठं आहे? हे कागद एका पिशवीत घाला आणि पिशवी आपल्या ट्रंकेत ठेवा. नवऱ्याच्या गाडीच्या डिकीत नाही.

दुसरा धोका, पैशाचा.

पूर्वी चेकवर सरपंच आणि ग्रामसेवकाची सही लागायची. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. वित्त आयोगाचे पैसे आता ऑनलाइन जातात आणि त्यासाठी सरपंचाची डिजिटल सही लागते. ती सही एका छोट्या डोंगलमध्ये असते, पेनड्राइव्हसारख्या. आता मला सांगा, हे डोंगल बहुतेक ठिकाणी कुठं असतं? (इथं दोघी-तिघी एकदमच म्हणाल्या, “ऑपरेटरकडं!”) बरोबर. आणि पिन? पिनपण त्यालाच माहीत. सरपंचबाई घरी भाकरी थापत असतात आणि तिकडं त्यांच्या सहीनं लाखांचं बिल निघतं.

ऑपरेटर वाईट आहे असं मी म्हणत नाही. बिचारा मुलगा कमी पगारात गावाचं सगळं काम करतो. पण उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, काम अपुरं आणि बिल पुरं असं दिसलं, तर नोटीस डोंगलच्या मालकिणीला येते. वसुली निघते तेव्हा ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर टिकत नाही. गटाच्या पेटीची किल्ली आपण कुणाकडे ठेवायला देतो का? मग हीपण किल्लीच आहे. डोंगल आपल्या कपाटात, पिन आपल्या डोक्यात. बिल काढायच्या दिवशी ते घेऊन स्वतः जायचं, काम डोळ्यानं बघायचं, मोजमाप विचारायचं. वाचता येत नाही म्हणून लाजायचं नाही. गटातली एखादी शिकलेली पोरगी बरोबर न्यायची.

सह्यांचं अजून एक. ग्रामसभेला आपण जातो, हजेरीच्या वहीत सही करतो आणि कूकर लावायचाय म्हणून पंधरा मिनिटांत उठतो. मागं कोरी पानं राहतात. त्यावर नंतर काय लिहिलं गेलं, कुणाला माहीत? पुढं भांडण झालं की वही निघते आणि आपली सही त्यात असते. म्हणून सभा संपायच्या आत ठराव मोठ्यानं वाचून घ्यायला सांगा. सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध कुणी केला, सगळं त्यात आलं पाहिजे. पटलं नाही तर ‘माझा विरोध आहे, नाव लिहा’ एवढं म्हणायचा आपल्याला हक्क आहे. पुढं चौकशी झाली तर तेवढं एक वाक्य आपल्याला वाचवतं.

वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. सबळ कारणाशिवाय घेतल्या नाहीत तर सरपंचाचं पदसुद्धा जाऊ शकतं. आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असं कायद्यातच आहे. ती किती ठिकाणी खरंच होते आणि किती ठिकाणी नुसती कागदावर होते, ते तुम्हीच ठरवा. आपण ती मागून घेतली पाहिजे.

तिसरा धोका जिवाचा. खरं तर हा पहिला यायला हवा होता.

गटार उघडं आहे, पोर पडलं. शाळेची भिंत वाकलीय. दिव्याच्या खांबात करंट उतरतो. बोअर मारली, पाणी लागलं नाही, तोंड तसंच उघडं सोडलं. अशा बोअरमध्ये पोरं पडायला लागली तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये नियम घालून दिले. खोदताना भोवती कुंपण आणि पाटी, काम झाल्यावर तोंडाला पक्कं झाकण, सोडून दिलेली बोअर बुजवायची. खेड्यात यावर लक्ष ठेवायची जबाबदारी सरपंचावरसुद्धा टाकली आहे. आपल्या शिवारात अशी उघडी बोअर किती आहेत, कुणी मोजलंय का?

आणि ‘निधी नाही’ या उत्तराचं काय? ते फार जुनं उत्तर आहे. मध्य प्रदेशात रतलाम शहरात उघडी गटारं, घाण, वास, म्हणून लोकांनी तक्रार केली होती. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की लोकांच्या आरोग्याचं मूलभूत काम पैसे नाहीत म्हणून टाळता येणार नाही. ते प्रकरण नगरपालिकेचं होतं, पण त्यातून पंचायतीनंही शिकायचंच.

पाण्याचं तर आपल्याकडे व्यवस्थित ठरलेलं आहे. विहिरीत, टाकीत टीसीएल पावडर टाकायची, नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करायची आणि त्याची नोंद ठेवायची. आरोग्य विभाग पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून पंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. लाल म्हणजे धोका. आपल्या गावाला कुठल्या रंगाचं कार्ड आहे, हे ग्रामसभेत विचारा. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएस या आजाराचे रुग्ण एकदम वाढले आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडं गेलं. नांदेड, किरकटवाडी ही गावं तेव्हा महापालिकेत जाऊन साडेतीन वर्षं झाली होती. म्हणजे गाव शहरात गेलं की पाणी आपोआप शुद्ध होतं असं नाही. टाकीत पावडर पडली का, हे रोज कुणीतरी बघावंच लागतं.

आता आपल्या माणबद्दल. आपलं गाव वेगळं आहे हे तुम्हाला सांगायला नको. एका बाजूला आयटी पार्क, काचेच्या इमारती, मेट्रोचा डेपो आणि दुसऱ्या बाजूला आपली पंचायत, जिच्या दारात टँकरची, कचऱ्याची आणि दाखल्यांची रांग. काम शहराचं, कर्मचारी खेड्याइतके. अशा ठिकाणी धोका मोठा असतो, कारण जमिनीला सोन्याचा भाव आहे आणि प्रत्येकाला कागद घाईनं हवा असतो.

गटातल्या बायकांना म्हणून एक हात जोडून सांगते. खोली किंवा गुंठा घेताना ‘ग्रामपंचायतीची एनओसी आहे, आठ अ चा, नमुना आठचा उतारा आहे’ असं एजंट सांगतो. नमुना आठ ही घरपट्टी आकारायची नोंदवही आहे. त्यात नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही, आणि बांधकामाला परवानगी होती असं तर अजिबात नाही. २०१५ पासून आपल्या भागात पीएमआरडीए आहे, बांधकामाची परवानगी तिथून लागते. एमआयडीसीच्या हद्दीत एमआयडीसीची. पंचायतीनं अधिकार नसताना दाखला दिला तर दाखला देणारे अडकतात आणि त्या दाखल्यावर गटाचं कर्ज काढून खोली घेणारी बाई तर पुरती बुडते. कर्जाच्या मागणीत खोलीचं कारण असेल तर ग्रामसंघानं परवानगीचा कागद बघितल्याशिवाय पुढं जाऊ नये असं मला वाटतं. यावर पुढच्या बैठकीत चर्चा करूया.

आणि गाव पिंपरी-चिंचवडमध्ये जाणार, नाही जाणार, ही चर्चा आपण कितीतरी वर्षं ऐकतोय. कधी होईल ते मी सांगू शकत नाही. पण झालंच तर पंचायतीचं दप्तर महापालिकेकडे जाईल. रस्ते, मोकळ्या जागा, विहिरी, समाजमंदिर, जे नोंदीत असेल ते आपलं म्हणून दाखवता येईल. झाडलोट करणाऱ्या आपल्या तायांनो, तुमची नेमणूक कागदावर आहे का? ठराव आहे का? पगार हातात मिळतो की खात्यावर? आजच विचारून घ्या. त्या वेळी धावपळ करून उपयोग होणार नाही.

मग करायचं काय? फार नाही, पाच कामं.

एक. प्रत्येक गटानं आपल्यातल्या सदस्य-सरपंच बायकांची घरपट्टी-पाणीपट्टीची पावती वर्षातून दोनदा गटात बघायची. यात अपमान काही नाही, हप्ता बघतो तसंच.

दोन. ज्यांच्याकडे डोंगल आहे त्यांनी ते या आठवड्यात परत घ्यायचं आणि पिन बदलून घ्यायचा.

तीन. पुढच्या ग्रामसभेच्या आधी महिला सभा होणार का, हे लेखी विचारायचं आणि अर्जाची पोच घ्यायची. उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

चार. वाडी-वस्तीवर फिरून उघडी गटारं, उघड्या बोअर, वाकलेले खांब यांची यादी करायची. तारीख घालून पंचायतीला द्यायची. यादी दिली की पंचायतीला आधीच कळवलं होतं याचा पुरावा राहतो, आणि चांगल्या सरपंचाला निधी मागायला तोच कागद उपयोगी पडतो.

पाच. पाकीट. सरकारी शिक्क्याचं कुठलंही पाकीट आलं, नवऱ्याच्या नावानं असो की आपल्या, त्याच दिवशी उघडायचं. हातात कधी पडलं ती तारीख वर पेनानं लिहायची. आतली सुनावणीची तारीख कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी लिहायची. समजलं नाही तर मला फोन करा, रात्री नऊपर्यंत मी उचलते. वकील परवडत नाही म्हणून तारीख सोडायची नाही. कायद्यानं बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा किंवा १५१०० या नंबरला फोन करायचा.

शेवटी त्या ताईंचं सांगते, नाहीतर तुम्ही मला गाडीवर बसू देणार नाही. पद गेल्यावर त्या चार महिने बैठकीला आल्या नाहीत. मग आल्या, मागच्या रांगेत बसल्या. त्या दिवशी गटातल्या एकीला बँकेची नोटीस आली होती आणि ती ती पर्समध्ये घालून तशीच बसली होती. ताई मागून म्हणाल्या, “आधी ते फोड. इथंच फोड. सगळ्यांसमोर वाच.” आता त्या गटात ही रीतच झालीय. बैठक संपताना विचारतात, कुणाकडे पाकीट आलंय का?

आपणही आजपासून विचारूया. कुणाच्या घरात टीव्हीखाली, फ्रिजवर, देवघरामागं असं काही पडलंय का? असेल तर जेवणानंतर घेऊन या. मी पाचपर्यंत इथंच आहे.